युलिउ बोडोला परदेशात नेमका कधी गेला?

मागचा_बाक

आमच्या सोसायटीत गणपतीत एक संध्याकाळ फुटबॉलच्या प्रश्नमंजुषेची असते. प्रश्न काढायचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे. यंदा 'मायदेश सोडून खेळलेले' असा एक गट केला आणि त्यात युलिउ बोडोलाचं नाव घातलं. प्रश्न सोपा वाटला होता : हा रोमानियन खेळाडू परदेशात खेळायला कोणत्या वर्षी गेला? कार्ड लिहायला बसलो आणि तीन रात्री तिथेच अडकून पडलोय.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९१२, ब्राशोव. आघाडीचा खेळाडू, बहुतेक डावीकडून. रोमानियासाठी १९३१ ते १९३९ या काळात ४८ सामन्यांत ३० गोल. १९३४ आणि १९३८ या दोन्ही विश्वचषकांच्या संघांत होता. त्याचा ३० गोलांचा विक्रम मोडायला १९९०च्या दशकात रोमानियाचाच गिओर्गे हाजी यावा लागला, आणि हाजीला त्यासाठी शंभराहून बरेच जास्त सामने लागले.

आता क्लब बघा. १९३० ते १९३७ ओराद्या शहराचा क्लब अॅटलेटिक. मग राजधानीतला व्हीनस बुखारेस्ट, तिथे १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ दोन वर्षं रोमानियाचं विजेतेपद. त्यानंतर १९४० मध्ये तो पुन्हा ओराद्याला आला. गाव तेच, जुना क्लब तोच. पण ३० ऑगस्ट १९४० ला व्हिएन्नात जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि इटलीचा चियानो यांनी ट्रान्सिल्वेनियाचा उत्तरेकडचा भाग रोमानियाकडून काढून हंगेरीला दिला होता. ओराद्याचं नॉद्यवाराद झालं आणि क्लब हंगेरीच्या लीगमध्ये खेळू लागला. बोडोला हंगेरीच्या राष्ट्रीय संघाकडून १३ सामने खेळला, ४ गोल केले. युद्ध संपल्यावर एक हंगाम क्लूज शहरात फेरार क्लबकडे आणि मग १९४६ ते १९४८ बुडापेस्टमध्ये एमटीके.

तर मी कार्डावर काय लिहू? १९४० की १९४६? की हा प्रश्नच काढून टाकू?

नकाशेवेडा

काढून टाकू नका हो, असे प्रश्न मिळत नाहीत!

त्याचा जन्म १९१२चा, तेव्हा ब्राशोव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रियानॉन तहाने सगळा ट्रान्सिल्वेनिया रोमानियाला गेला. म्हणजे आठ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा जागेवर बसल्या बसल्या 'परदेशात' गेला. या न्यायाने त्याची रोमानियातली अख्खी कारकीर्दच परदेशातली म्हणावी लागेल. उत्तर १९३०.

शांताक्का

नकाशेवेडा, मुद्दा ऐकायला गमतीचा आहे पण पटत नाही. माणूस ज्या देशाचा नागरिक म्हणून वाढला, ज्या देशाच्या शाळेत शिकला, त्या देशाचा संघ त्याच्यासाठी परदेशी कसा? १९३१ मध्ये तो रोमानियाचा नागरिक म्हणून रोमानियाकडून खेळला. मोजणी तिथून सुरू करा.

बुदा_ते_पेश्त

मी नोकरीनिमित्त चार वर्षं बुडापेस्टला होतो, म्हणून लिहितो.

पहिलं नावाचं. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे तिथे तो 'बोडोला द्युला'. रोमानियात 'युलिउ बोडोला'. नाव एकच, दोन भाषांतलं. जुन्या सामन्यांच्या याद्या चाळताना मी सुरुवातीला याला दोन वेगळे भाऊ समजत होतो.

दुसरं. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील मूळचे नॉद्यवारादचे. २०१२ साली ते ऐंशीच्या घरात होते. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो आणि मी भोळेपणाने विचारलं, तुम्ही रोमानियातून हंगेरीत कधी आलात? त्यांनी पाव कापायची सुरी उचलली, टेबलावर आडवी ठेवली आणि कॉफीचा कप तिच्या उजव्या बाजूला ठेवला. सुरी म्हणजे सरहद्द, कप म्हणजे त्यांचं गाव. मग काही न बोलता सुरी उचलून कपाच्या उजवीकडे ठेवली. थोडं थांबून परत डावीकडे. कपाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

बोडोलाला त्यांनी लहानपणी खेळताना पाहिलं होतं. तिकिटाला पैसे नसायचे, कुंपणाच्या फळ्यांमधून बघायचे. त्या फटीतून मैदानाची एकच बाजू दिसायची, ती डावी. म्हणून बोडोला त्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहिला. हे सांगताना त्यांनी डोळ्याजवळ दोन बोटं धरून फट किती होती तेही दाखवलं.

मागचा_बाक

बुदा_ते_पेश्त, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा काढला याचं समाधान वाटतंय. सुरीचा प्रसंग प्रश्नमंजुषेच्या दिवशी सांगणार, तुमची हरकत नसेल तर.

बुदा_ते_पेश्त

हरकत कसली. जरूर सांगा.

खेळिया

+१. वाचतोय.

तांबड्या_रश्श्याचा_मानकरी

आम्हा कोल्हापूरकरांना फुटबॉल म्हटलं की राहवत नाही. तो नॉद्यवारादचा संघ पुढे हंगेरीचा चॅम्पियन झाला होता ना? राजधानीबाहेरचा संघ जिंकला की इथेही ऊर भरून येतो. कुणीतरी सविस्तर लिहा.

मागचा_बाक

हो, १९४३-४४ चा हंगाम. त्याआधी बुडापेस्टबाहेरच्या एकाही संघाला हंगेरीचं विजेतेपद मिळालं नव्हतं. बहुतेक वेळा फेरेन्सवारोश, एमटीके, उयपेश्त यांच्यात ते फिरत असायचं. नंतरसुद्धा बुडापेस्टबाहेरचा पुढचा विजेता द्यौर, तो थेट १९६३ मध्ये. म्हणजे ही केवढी मोठी गोष्ट होती ते लक्षात घ्या.

आणि याच क्लबने १९४८-४९ मध्ये रोमानियाची लीग जिंकली, तेव्हा त्याचं नाव आयसीओ झालं होतं. दोन वेगळ्या देशांचं राष्ट्रीय विजेतेपद एकाच क्लबकडे, पाच वर्षांच्या अंतराने.

त्या ४४च्या संघात बोडोलाच्या जोडीला कोण होते बघा. फ्रान्चिस्क श्पीलमान, हंगेरीच्या नोंदींत तो शारवारी. योसिफ पेचोव्स्की, तो पेरेन्यी. निकोलाए सिमातोक, तो सेगेदी मिक्लोश. चांगले तयार, रोमानियाकडून नाव कमावलेले खेळाडू, आणि संघाच्या यादीत प्रत्येकाला नवं हंगेरियन नाव. बोडोलाचं आडनाव मात्र तसंच राहिलं.

शांताक्का

आडनाव बदलायला लावणं ही बारीक गोष्ट नाही. माझ्या आजोबांचं आडनाव नोकरीच्या कागदावर कारकुनाने चुकीचं लिहिलं, तर ते मरेपर्यंत त्या चुकीच्या आडनावाने सही करताना एक क्षण थांबायचे. इथे तर खेळाडूच्या छातीवरचा देशही बदलला आणि घोषणा करणाऱ्याच्या तोंडचं नावही.

सायंतारा

१९४४ चं विजेतेपद म्हणून इथे टाळ्या पडायच्या आधी एक गोष्ट लिहिते. कुणाचा विरस करायचा नाहीये, पण ती वगळून त्या वर्षाबद्दल बोलणं मला जमत नाही.

मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. मे महिन्याच्या सुरुवातीला नॉद्यवारादच्या ज्यूंना घेटोत कोंडलं. बुडापेस्ट सोडलं तर हंगेरीतला तो सगळ्यात मोठा घेटो. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या दिवसांत तिथून गाड्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीला गेल्या. शहराच्या लोकसंख्येचा मोठा भाग काही आठवड्यांत नाहीसा झाला. दुकानं त्यांची होती, छापखाने त्यांचे होते, डॉक्टर-वकील त्यांच्यातले होते, आणि मैदानाच्या कुंपणाशी उभे राहणाऱ्यांत तेही होतेच.

म्हणून त्या वर्षीच्या करंडकाकडे मी नुसता खेळाचा पराक्रम म्हणून बघू शकत नाही. खेळाडूंना दोष देत नाहीये. पण तुम्ही ही गोष्ट मुलांना सांगणार असाल तर हेही सांगा, इतकंच म्हणणं.

बुदा_ते_पेश्त

सायंतारा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी वर ज्या आजोबांबद्दल लिहिलं त्यांनी हेही सांगितलं होतं, मी धाग्याचा सूर बघून लिहिलं नव्हतं. त्यांच्या गल्लीतली चार घरं त्या महिन्यात रिकामी झाली. कुंपणाच्या फटीशी त्यांचा जोडीदार असायचा तो मुलगा त्यातल्याच एका घरातला. दोघांनी आळीपाळीने डोळा लावायचा असं ठरलेलं असायचं. नंतर अख्खी फट त्यांना एकट्याला मिळाली, तर त्यांनी तिथे जाणंच सोडलं.

मागचा_बाक

हे सांगेन. नक्की सांगेन.

फुटबॉलवेडी_ठाणे

दोघांचे प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना.

मूळ प्रश्नाबद्दल : माझं मत १९४०. कारण लीग बदलली, महासंघ बदलला, राष्ट्रीय संघ बदलला. खेळाडूच्या कारकिर्दीत 'परदेश' म्हणजे नोंदणी कुठली हेच बघायचं असतं. भौगोलिक हालचाल बघत बसलो तर मोनॅकोच्या खेळाडूंचं काय करणार? देश वेगळा, पण क्लब फ्रान्सच्या लीगमध्ये!

नकाशेवेडा

ठाणे, तुमच्या मताला एक भक्कम आधार देतो. सगळे असं गृहीत धरताहेत की बोडोलाच्या डोक्यावरून सरहद्द गेली आणि तो बिचारा काही करू शकला नाही. तसं नाहीये. व्हिएन्नाच्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्वेनिया गेला : ओराद्या, क्लूज. पण ब्राशोव, तिमिश्वारा, अराद ही शहरं रोमानियातच राहिली. बोडोलाचं जन्मगाव ब्राशोव! आणि तो त्या वेळी बुखारेस्टच्या क्लबचा खेळाडू, नुकताच लीग जिंकलेला. त्याला राहायचं असतं तर तो आरामात रोमानियात राहिला असता. तो निघून नॉद्यवारादला गेला, म्हणजे नव्या सरहद्दीच्या पलीकडे. हे परदेशी जाणंच झालं. उत्तर १९४०, माझं आधीचं १९३० मागे घेतो.

शांताक्का

हा मुद्दा मात्र खरंच बिनतोड आहे. ब्राशोवचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तरी 'आरामात राहिला असता' या शब्दांवर हरकत घेते. १९४०च्या रोमानियात हंगेरियन मातृभाषा असलेल्या माणसाला, देशाचा एवढा मोठा तुकडा हंगेरीने नुकताच घेतलेला असताना, बुखारेस्टच्या रस्त्यावर आरामात राहता आलं असतं असं मला वाटत नाही. आणि ज्या गावात तो अठराव्या वर्षी आला, सात वर्षं राहिला, नावारूपाला आला, ते त्याचं गाव नव्हे का? जन्मगावच तेवढं गाव कसं? माझा जन्म मिरजेचा, वाढले नागपुरात. मला कुणी गाव विचारलं तर तोंडातून नागपूरच निघतं.

सीमाभाग_४२

आमच्या बेळगावकडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

मागचा_बाक

सीमाभाग, तुमची भावना समजते. त्या विषयाला स्वतंत्र धागा हवा, इथे निघाला तर दोन्ही विषयांना न्याय मिळणार नाही. तुम्ही काढलात तर पहिला प्रतिसाद माझा.

सीमाभाग_४२

काढतो. चालू द्या.

दादरचा_अंपायर

फुटबॉल मला फारसं कळत नाही, पण हे वाचताना सारखा गुल महंमद आठवत होता.

१९४६-४७ ची रणजी अंतिम लढत, बडोदा विरुद्ध होळकर. आपले विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागी केली. गुल ३१९, हजारे २८८. त्यानंतर काही महिन्यांत फाळणी. गुल महंमद भारताकडून आठ कसोट्या खेळला आणि १९५६ मध्ये कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी पाकिस्तानकडून. अब्दुल हफीझ कारदार १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर आपल्या संघात होता, तोच पुढे पाकिस्तानचा पहिला कर्णधार. अमीर इलाही तिसरा. दोन्ही देशांकडून खेळलेले हे तिघेच.

माझे वडील हजाऱ्यांचे भक्त. त्या भागीचा विषय निघाला की ते 'हजारे आणि गुल' असं एका दमात म्हणायचे, एका घरातली माणसं असल्यासारखं. गुल महंमद 'परदेशी' कधी झाला असं त्यांना विचारलं असतं तर ते गप्पच बसले असते.

खेळिया

अंपायर काका, हे प्रतिसाद म्हणून नको, लेख म्हणून लिहा.

मागचा_बाक

काका, फार जवळचं उदाहरण दिलंत. फरक एवढाच दिसतो की गुल महंमदच्या जुन्या धावा भारताच्या खात्यात आणि शेवटच्या पाकिस्तानच्या खात्यात, यात कुणाचं दुमत नाही. बोडोलाचंही तसंच व्हायला हवं. ३० गोल रोमानियाचे, ४ हंगेरीचे. माणसाचे म्हणाल तर ६१ सामन्यांत ३४.

निळा_गरुड

ज्याने शत्रूराष्ट्राचा शर्ट घातला त्याचा विक्रम रोमानियाने मिरवावा का, असा माझा प्रश्न आहे. मी असतो तर नाव पुसलं असतं.

नकाशेवेडा

रोमानियाने पुसलं नाही. उलट ओराद्याच्या नगरपालिकेच्या स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे. 'स्टेडियोनुल युलिउ बोडोला'. ज्या देशाचा शर्ट त्याने उतरवला त्या देशातल्या स्टेडियमवर.

बुदा_ते_पेश्त

मी ते पाहिलंय. बुडापेस्टहून गाडी घेऊन गेलो होतो, सरहद्दीपासून ओराद्या पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. शहर देखणं आहे, मधून नदी वाहते, 'काळा गरुड' नावाची एक जुनी इमारत आहे, तिच्यामधून काचेचं छत असलेली गल्ली जाते. स्टेडियमशी पोचलो तेव्हा सामना नव्हता. फाटक बंद. सिमेंटच्या पायऱ्यांच्या सांध्यांतून गवत आलेलं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिला मी माझ्या मोडक्यातोडक्या हंगेरियनमध्ये विचारलं, तिने रोमानियनमध्ये उत्तर दिलं, आणि दोघांना एकमेकांचं 'बोडोला' एवढंच कळलं. तिने नावाच्या पाटीकडे बोट केलं आणि हसली.

निळा_गरुड

हे माहीत नव्हतं. तिथल्या लोकांनीच पाटी लावली असेल तर माझा शब्द मागे घेतो.

सायंतारा

शब्द मागे घेणारे दोन सदस्य एका धाग्यात! जपून ठेवते हा धागा.

फुटबॉलवेडी_ठाणे

कुणी नियमांबद्दल लिहिलं नाही. आजच्या वाचकाला वाटेल, एका देशाकडून विश्वचषक खेळलेला माणूस दुसऱ्या देशाकडून खेळलाच कसा? तेव्हा फिफाची आजच्यासारखी बंधनं नव्हती. कुबाला चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्पेन अशा तीन देशांकडून खेळला. पुश्काश १९५४ चा अंतिम सामना हंगेरीकडून आणि १९६२ चा विश्वचषक स्पेनकडून. नियम आवळले गेले ते १९६०च्या दशकात. बोडोलाने काही चोरून केलं नाही, त्या काळच्या रिवाजात ते बसत होतं.

रात्रपाळी

रात्रपाळीला आहे, म्हणून सगळं एका बैठकीत वाचून काढलं. 'परदेशात खेळलेला रोमानियन' एवढाच निकष असेल तर मी सिमातोकचं नाव सुचवतो. वर त्याचा उल्लेख आलाय पण पुढे त्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.

जन्म बेसारेबियातल्या एका खेड्यात. ते खेडं आज रोमानियात नाही, हंगेरीत नाही, ते मोल्डोव्हात आहे. रोमानिया आणि हंगेरी, दोन्हीकडच्या लीगमध्ये खेळला. नॉद्यवारादसोबत ४४ चं विजेतेपद. युद्धानंतर बुखारेस्टच्या कार्मेन क्लबकडे. हा क्लब चामड्याच्या धंद्यातल्या एका बड्या उद्योगपतीचा, नव्या राजवटीत तो १९४७ मध्ये मोडीत निघाला. सिमातोक इटलीला गेला : इंटर मिलान, मग ब्रेशा. तिथून बार्सिलोना. १९५१-५२ चा तो गाजलेला हंगाम, ज्यात बार्सिलोनाने पाच करंडक जिंकले, त्या संघात कुबालासोबत हा होता. मग रेआल ओव्हिएडो. शेवट कुठे? सिडनीत. ऑस्ट्रेलियात वारला.

मी जहाजावर काम केलंय, बंदरं पाहिली आहेत. बेसारेबियातल्या खेड्यातून सिडनीपर्यंतचा प्रवास, आणि मधल्या एकाही देशात त्याला परत घरी जायची सोय उरली नाही, हे डोळ्यांसमोर आणलं की झोप उडते.

खेळिया

रात्रपाळीला झोप उडायचीच असते, दादा. पण प्रतिसाद जबरदस्त.

तांबड्या_रश्श्याचा_मानकरी

सिमातोकचा स्वतंत्र धागा हवा. आणि तो पेचोव्स्की, त्याचं काय झालं?

रात्रपाळी

तो तिमिश्वाराचा. युद्धानंतर रोमानियात परतला आणि तिथेच राहिला. अरादच्या संघासोबत १९४७ आणि १९४८ ची लीग जिंकली. पुन्हा पेचोव्स्की झाला, पुन्हा रोमानियाच्या राष्ट्रीय संघात आला. एकाच ड्रेसिंग रूममधली तीन माणसं : बोडोला बुडापेस्टला, सिमातोक जगभर, पेचोव्स्की परत घरी.

विटीदांडू

अवांतर : रोमानियाचे बाहेर गेलेले म्हणून श्तेफान कोवाचला विसरू नका. तिमिश्वाराचा, खेळाडू म्हणून बेल्जियमच्या शार्लरुआत तीन वर्षं. खेळाडू म्हणून फार मोठा नव्हे. पण प्रशिक्षक म्हणून अयाक्सला लागोपाठ दोन युरोपियन कप, १९७२ आणि १९७३. योहान क्रायफचा अयाक्स! मग फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक. त्याचा थोरला भाऊ निकोलाए १९३०, १९३४ आणि १९३८ असे युद्धापूर्वीचे तिन्ही विश्वचषक खेळला.

शांताक्का

तिमिश्वाराच्या पाण्यात काय आहे कोण जाणे.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण मागचा_बाक यांचं कार्ड अजून कोरं आहे. दोन दिवस विचार केला. मी १९४६ म्हणते. कारण सांगते.

१९३०-३७ आणि १९४०-४५ हे दोन्ही काळ शेजारी ठेवून बघा. दोन्हींत तो एकाच शहरात, एकाच क्लबसाठी खेळला. सकाळी घरातून निघून मैदानावर जायचा रस्ता तोच असेल. प्रेक्षकांत तीच माणसं, निदान ४४च्या मेपर्यंत. आपल्या शहराच्या क्लबमध्ये परतलेल्या माणसाला 'परदेशात गेला' म्हणायला जीभ रेटत नाही. १९४६ मध्ये मात्र ओराद्या रोमानियाकडे परत आलेलं आहे, क्लूज परत आलेलं आहे, आणि तेव्हा तो सामान बांधून, खरीखुरी सरहद्द ओलांडून, बुडापेस्टच्या क्लबकडे जातो. ज्या एमटीकेला तो गेला तो क्लबही १९४० मध्ये ज्यूंचा क्लब म्हणून मिटवला गेला होता आणि १९४५ मध्ये पुन्हा उभा राहिला होता. पुढचं सगळं आयुष्य त्याने हंगेरीतच काढलं, १९९३ मध्ये बुडापेस्टलाच वारला. गेला तो १९४६ ला गेला, आणि परत आला नाही.

नकाशेवेडा

शांताक्का, तुमचं म्हणणं मनाला पटतं, पण बुखारेस्ट ते नॉद्यवाराद हा १९४० चा प्रवास तुम्ही अजून उडवून लावू शकलेला नाहीत. त्या प्रवासातही सामान होतं आणि मधे सरहद्द होती.

शांताक्का

होती. ती मी नाकारत नाही. पण त्या प्रवासाच्या शेवटी घर होतं.

नकाशेवेडा

…यावर मला विचार करावा लागेल.

फुटबॉलवेडी_ठाणे

मी अजून १९४० वरच. महासंघाची नोंदणी! पण शांताक्कांचा प्रतिसाद वाचून दाखवायला हवा प्रश्नमंजुषेत.

दादरचा_अंपायर

अंपायर म्हणून सांगतो, शंका असेल तर निर्णय फलंदाजाच्या बाजूने. इथे फलंदाज म्हणजे उत्तर देणारं पोर. दोन्ही उत्तरांना गुण द्या.

मागचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कार्ड लिहून टाकलं. अंपायर काकांचं ऐकलं, पण थोडं बदलून. प्रश्न आता असा आहे :

'युलिउ बोडोला एकाच शहराच्या क्लबकडून दोन देशांच्या लीगमध्ये खेळला. ते शहर कोणतं, आणि हे कसं घडलं?'

वर्ष विचारलंच नाही. ओराद्या म्हटलं तरी गुण, नॉद्यवाराद म्हटलं तरी गुण. 'कसं घडलं' याला वेगळे दोन गुण. उत्तरानंतर मी टेबलावर सुरी आणि कप ठेवणार आहे. आणि कुंपणाच्या फटीशी उभ्या असलेल्या दोन मुलांबद्दल सांगणार आहे. आठवी-नववीची पोरं आहेत, त्यांना ते ऐकवायलाच हवं असं इथलं वाचून ठाम झालं.

घरी बायकोला कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुरी बोथट घे.

बुदा_ते_पेश्त

एक दुरुस्ती, वाचून दाखवताना उपयोगी पडेल. हंगेरियन नावाचा उच्चार 'ग्युला' नाही, 'द्युला'. आजोबांनी मला तीन वेळा म्हणून घेतलं होतं, चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हा सोडलं.

मागचा_बाक

द्युला. लिहून ठेवलं कार्डाच्या मागे.

तांबड्या_रश्श्याचा_मानकरी

रात्रपाळी दादा, सिमातोकचा धागा कधी काढताय?

रात्रपाळी

शनिवारी सुट्टी आहे. दुपारी लिहायला बसतो.